थेंब काळाच असतो

हैदराबादला कोठीच्या नाक्यावर सकाळी अकराच्या सुमाराला पाच मिनिटं उभं राहिलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात हमखास रिपोर्ट दिसतात. उस्मानिया मेडिकल कॉलेज इथंच, कान-नाक-घशाचं सरकारी हॉस्पिटल इथंच, सुलतान बाजारचं बाळंतपणाचं हॉस्पिटल चार पावलांवर. औषधांची दुकानं आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब यांची म्हणूनच ही दाटी. मागच्या वर्षी त्या गर्दीत मला मामा दिसले. हातात लांबट पांढरा लिफाफा. माझ्या पोटात गोळा आला. "मामा, कुणाचा रिपोर्ट?"

"गाडीचा," मामा म्हणाले. "आयर्न वाढलंय म्हणे. तुम्हा बायकांचं कमी निघतं, हिचं जास्त."

मामांचं घर सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत आणि धंदा ट्रकचा. ट्रक म्हणजे दोनच. एक २०११ चा, सहा सिलिंडरचा, धुराच्या बीएस-३ नियमांच्या काळातला. दुसरा २०२१ चा, बीएस-६. दोन्ही गाड्या हैदराबाद–सोलापूर–पुणे या एकाच रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५ वर फिरतात. येताना सोलापूरची चादर-टॉवेल नाहीतर मलकपेठच्या बाजारासाठी कांदा. ट्रक कोठीत कधी दिसत नाहीत. ते थांबतात शहराबाहेर, विजयवाडा रस्त्यावरच्या ऑटोनगरला. मामा घरातल्या झोपाळ्यावर बसून फोनवर धंदा हाकतात.

त्यांचा प्रश्न साधा होता. दोन्ही गाड्यांना एकाच तेलाची बादली चालेल का, आणि चालणार असेल तर कोणती? राणीगंजला तेलवाल्यांकडे विचारलं तर ज्याच्याकडे ज्या कंपनीची एजन्सी, त्याचं तेल सर्वांत भारी. ड्रायव्हरांमध्ये दोन पक्ष, तिसरा पक्ष मेकॅनिकचा. अशात कुणीतरी मामांना सांगितलं की वापरलेलं तेल लॅबमध्ये पाठवा, तेल चांगलं की वाईट ते रिपोर्टच सांगेल. तपासणीचा खर्च बादलीच्या किमतीपेक्षा कमी, म्हणून मामांनी पाठवलं. रिपोर्ट आला तो इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेला. मी कोठीच्या विमेन्स कॉलेजची बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. लिफाफा माझ्या हातात आला: "तू केमिस्ट्रीवाली. तूच वाच."

मी वाचला आणि वर्षभर त्यात अडकले. एवढं आधीच सांगते की मामांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतं.

*

आमच्या घरात तेलाची पारख आजोबांपासूनची. आजोबा निजामाच्या रस्ते वाहतूक खात्यात मेकॅनिक होते. हे खातं १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या पोटातून निघालं, तेव्हा त्यात २७ बस आणि १६६ माणसं होती. मुंबई इलाख्यातली पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ ला. ही सोळा वर्षांची थोरवी आजोबा महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहा ओतण्याआधी, ऐकवायचे. कोठीहून चालत जावं इतक्या अंतरावर गौलीगुड्याचा बसस्टँड होता. लोखंडी कमानींचं एक अवाढव्य शेड, मुळात विमानं ठेवण्यासाठी केलेलं. ५ जुलै २०१८ ला ते कोसळलं. धोक्याचं झालंय म्हणून थोडे दिवस आधीच रिकामं केलं होतं, त्यामुळे माणूस कुणी गेलं नाही. मामा बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं गेलं आणि खात्याच्या गाड्या, डेपो, माणसं यांचीही वाटणी झाली. मराठवाड्याचा भाग तिकडच्या एसटीत गेला. आजोबांचे निम्मे सोबती औरंगाबाद-नांदेडला गेले, आजोबा मात्र इथंच राहिले. कोठी सुटेना.

या आजोबांची एक सवय होती. ऑफिसातला टीपकागद ते घरी आणत. शाईच्या दौती होत्या तेव्हा टीपकागदाला तोटा नव्हता. इंजिन गरम असताना गेजची पट्टी ओढायची, तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर सोडायचा, कागद दोन वाट्यांवर आडवा ठेवायचा आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी त्या थेंबाची रांगोळी झालेली असे. थेंब काळाच असतो, पाहायचं ते तो कसा पसरला आहे हे. मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत काळेपणा हळूहळू फिका होत गेला असेल तर तेल अजून काम करतंय. मध्ये डांबरासारखा घट्ट काळा गोळा आणि त्याच्या कडेला एकदम स्वच्छ पिवळं वर्तुळ दिसलं, तर तेलाने हात टेकले. कडा वेड्यावाकड्या, चिरल्यासारख्या असतील तर पाण्याचा संशय. बाहेर पातळ, फिकट कडं दूरवर गेलं असेल तर तेलात डिझेल उतरतंय. ही पद्धत कुठल्या लॅबने शिकवली की उस्तादाने, आजोबांनी कधी सांगितलं नाही. जगभरच्या कारखान्यांत मात्र ती आजही वापरतात आणि तिच्यासाठी खास गाळणकागद मिळतो.

या टीपकागदाने मला एक मोठा गैरसमज सोडायला लावला. तेल काळं झालं की संपलं, हे आपण सगळे धरून चालतो. डिझेल इंजिनात जळण कधीच पूर्ण होत नाही, काजळी ही राहतेच. ती रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत उतरते. चांगल्या तेलात अशी द्रव्यं घातलेली असतात की ती काजळीच्या प्रत्येक कणाला वेगळं धरून ठेवतात, कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणजे तेल काळं दिसतंय याचा अर्थ काजळी तेलात आहे, इंजिनच्या भिंतींवर नाही. डिझेल गाडीत महिनोन् महिने तेल सोन्यासारखं राहत असेल तर उलट मला काळजी वाटेल.

काजळी धरण्याची ही ताकद हाच तेलाच्या दर्जांमधला मुख्य फरक. बादलीवर १५ डब्ल्यू ४० लिहिलेलं असतं ते फक्त पातळ-घट्टपण सांगतं. १०० अंश सेल्सियसला तेलाची घनता नव्हे, चिकटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये हवा, एवढाच त्यातल्या ४० चा अर्थ. खरी जात त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत असते: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४. मधलं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितका तो दर्जा नंतरचा. सीआय-४ ला 'प्लस' जोडलं गेलं ते मुख्यतः काजळी आणि तेल दळून पातळ होणं या दोन दुखण्यांसाठी. तेल दळलं जातं हे ऐकून मामा हसले होते, पण तसंच आहे. तेल गरम झाल्यावर पार पाण्यासारखं पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबच लांब रेणू घालतात. गिअरच्या दातांत आणि बेअरिंगच्या फटीत ते रेणू तुटत जातात आणि ४० चं तेल हळूहळू ३० चं होतं.

आजोबांच्या काळी तेल लवकर बदलण्याला आणखी एक सबळ कारण होतं, ते म्हणजे गंधक. डिझेलमधलं गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते लायनर-बेअरिंग खातं. तेलातली अल्कली हे आम्ल मारते. रिपोर्टात 'टीबीएन' म्हणून जो आकडा असतो, तो या शिल्लक अल्कलीचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात मर्यादा दहा भागांची. हजारपटीने कमी. जुने ड्रायव्हर "आठ-नऊ हजारला बदलाच" म्हणतात ते त्या डिझेलच्या हिशेबाने बरोबर होतं. डिझेल बदललं, म्हण तशीच राहिली.

*

आता दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगायला मला फार सोपं आहे. फुलबाजी किंवा अनार पेटवला की रंग दिसतात ते धातूंचे. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, पिवळा सोडियमचा, पांढराशुभ्र ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा. प्रत्येक धातू जळताना आपल्याच रंगाची सही करतो. कॉलेजात, जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या त्या भल्याथोरल्या खांबांच्या इमारतीच्या आवारात, आम्ही प्लॅटिनमच्या तारेवर क्षार घेऊन ज्योतीत धरायचो आणि रंग ओळखायचो. लॅबमध्ये तेच करतात, फक्त ज्योतीऐवजी विजेची ठिणगी. कार्बनची एक छोटी चकती वापरलेल्या तेलात अर्धी बुडून फिरते, वर आलेल्या तेलावर ठिणगी पडते, उजेड निघतो आणि यंत्र तो उजेड फाकवून कोणत्या धातूची सही किती गडद आहे ते मोजतं.

उजेडावरून पदार्थ ओळखण्याची ही विद्या आपल्या रस्त्याला अनोळखी नाही. मामांच्या गाड्या ज्या महामार्गावर फिरतात त्याचं दुसरं टोक मछलीपट्टणला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पॉग्सन या खगोलशास्त्रज्ञाने मछलीपट्टणहून आणि जान्सेनने गुंटूरहून सूर्याच्या कडेचा उजेड फाकवून पाहिला. हेलियमच्या शोधाची गोष्ट तिथून सुरू होते. आपल्याकडे ती विजयदुर्गला चिकटवतात, पण ज्याच्या नावावर हा शोध सांगतात तो लॉकियर विजयदुर्गला आला तो १८९८ च्या ग्रहणाला. असो, कोकणातल्या वाचकांनी रागावू नये.

तेलाला हे तंत्र लावलं रेल्वेने. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल असं तपासायला सुरुवात केली. इंजिन उघडण्याआधीच आतलं काय झिजतंय ते कळू लागलं. पुढच्या दशकात त्यांच्या नौदलाने विमानांसाठी ते उचललं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही तपासणी रुळली आहे. रेल्वेच्या एका इंजिनात तेल शेकड्यांनी लिटर, त्यामुळे तिथं विनाकारण बदललेलं तेल म्हणजे थेट तोटा. ट्रकच्या चेंबरमध्ये पंधरा-वीस लिटर. म्हणून ट्रकवाल्यांपर्यंत ही तपासणी पोचायला इतकी वर्षं लागली.

रिपोर्टात आकडे 'पीपीएम'मध्ये असतात, दहा लाख भागांत किती भाग. लोखंड म्हणजे लायनर, क्रँक, गिअर. क्रोमियम म्हणजे रिंगा. ॲल्युमिनियम पिस्टनचं, शिसं बेअरिंगच्या वरच्या थराचं, तांबं बुशचं किंवा ऑइल कूलरचं. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर रेडिएटरचं पाणी तेलात येतंय का ते पाहा. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. या झिजेच्या धातूंखेरीज जस्त, फॉस्फरस, कॅल्शियमही भरपूर दिसतात. ते तेलाच्या स्वतःच्या मसाल्याचे, ते पाहून दचकू नये.

एक उणीव मात्र लॅबवाले स्वतःहून फारशी सांगत नाहीत. ही ठिणगी बारीक कणच जाळू शकते. सात-आठ मायक्रॉनच्या वरचे कण तिच्या हाती नीट लागत नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे बेअरिंगचा डोळ्यांना दिसेल असा तुकडा पडला असेल तर तो फिल्टरमध्ये अडकेल आणि रिपोर्टात दिसणारही नाही. म्हणून जाणता मेकॅनिक जुना फिल्टर फेकत नाही. तो कापून, कागद उलगडून, उन्हात धरून बघतो.

*

मामांच्या पहिल्या रिपोर्टात चार ओळींपुढे लॅबने लाल खूण केली होती: लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन. तेलाचा चिकटपणा ठीक, टीबीएन ठीक. मामांचा निकाल तयार होता: "तेल भिकार आहे. बदलतो कंपनी."

मी म्हटलं, तेलात सिलिकॉन आलं कुठून ते आधी बघू. इंजिनचं काम नुकतंच झालं असेल तर गॅस्केटला लावलेल्या सीलंटमधूनही सिलिकॉन येतं, पण मग ते एकटंच येतं. इथं त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम होतं. मातीत सिलिकॉन जास्त, ॲल्युमिनियम कमी, पण दोघंही असतातच. आणि रिंग-लायनरची झीज त्यांच्या पाठोपाठ आली होती. म्हणजे गाडी माती खात होती.

ऑटोनगरचे उस्ताद आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून येणारे. त्यांनी रिपोर्टाकडे पाहिलंही नाही. एअर क्लीनरपासून टर्बोकडे जाणाऱ्या जाड रबरी होजवर हात फिरवत गेले आणि मागच्या बाजूला, जिथं नजर पोचत नाही, तिथं थांबले. क्लिप घट्ट दिसत होती, पण तिच्याखालचं रबर चिरलं होतं. बोट आत घालून त्यांनी बाहेर काढलं. बोटावर लालसर, मऊ पीठ. "हौ साब, तेल तो अच्छाच है. हवा बाजू से खारा इंजिन. तेल कायकू बदलते?"

मग एअर क्लीनर उघडला. आतल्या कागदी फिल्टरची घडी एका ठिकाणी विरली होती. मामांनी क्लीनर पोराकडे पाहिलं, पोराने जमिनीकडे. प्रत्येक फेरीला फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा, पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि परत बसवायचा, ही शिस्त मामांनीच घालून दिली होती. या हवेने कागदाची छिद्रं मोठी होतात आणि फिल्टर स्वच्छ दिसता दिसता निकामी होतो. खरं तर थोडा मळलेला फिल्टर नव्याहून जास्त धूळ अडवतो. मामांचा यावर आजही पूर्ण विश्वास बसलेला नाही.

होज बदलला, फिल्टर बदलला, तेल तेच, त्याच कंपनीचं टाकलं. पुढचं सँपल मी स्वतः घ्यायचं ठरवलं.

आणि तिथं मी माती खाल्ली. सँपल घ्यायची रीत मला पाठ होती. इंजिन फिरून गरम झालेलं हवं, चेंबरचा नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्यायची, कारण तिच्यात तळाचा गाळ असतो, शेवटचंही घ्यायचं नाही, मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरायची. मे महिना, ऑटोनगरचं ऊन. लॅबची बाटली घरी विसरले होते. हाताशी होती ती दुपारी कोठीतल्या दुकानातून घेतलेली क्षार-साखरेच्या पाण्याची बाटली. झटकली, कोरडी वाटली, तीच भरली. रिपोर्ट आला: पाण्याचा अंश, सोडियम, पोटॅशियम. सिलिकॉन उतरलं होतं, लोखंडही, पण तिकडे लक्ष कुणाचं? हेड गॅस्केट गेलं, ऑइल कूलर फुटला, हाफ इंजिन खोलावं लागणार. मामांनी त्या रात्री दोन वेळा हिशेब मांडला. उस्ताद मात्र रेडिएटरचं झाकण काढून म्हणाले, पाणी एक थेंब कमी नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. मग मी रिपोर्ट पुन्हा वाचला. कूलंटमधलं ग्लायकॉल शून्य होतं. रेडिएटरचं पाणी येतंय आणि ग्लायकॉल येत नाही, हे कसं? तेव्हा बाटली आठवली. ओआरएसच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम असतंच की! दुसरं सँपल लॅबच्या बाटलीत पाठवलं, ते स्वच्छ आलं. मामांनी ही गोष्ट त्या दिवाळीच्या फराळाला आलेल्या प्रत्येकाला सांगितली आहे आणि दर वेळी बाटली थोडी मोठी होत गेली आहे.

*

"आता दुसऱ्या कंपनीचं टाकून बघू," मामा म्हणाले. "दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. ज्यात लोखंड कमी ते तेल घेऊ."

ऐकायला हे किती शास्त्रीय वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिली अडचण किलोमीटरची. समजा एका तेलावर गाडी १८ हजार किलोमीटर चालली आणि लोखंड ३६ आलं. दुसऱ्यावर ३० हजार चालली आणि ५४ आलं. चोपन्न वाईट का? हजार किलोमीटरमागे पहिल्याचे २, दुसऱ्याचे १.८. दुसरी अडचण वरून टाकलेल्या तेलाची. जुनी गाडी तेल पिते, ड्रायव्हर वाटेत लिटर-दोन लिटर घालतो. त्या ताज्या तेलाने झिजेचा आकडा पातळ होतो. म्हणजे जी गाडी जास्त तेल खाते तिचा रिपोर्ट जास्त चांगला दिसू शकतो! तिसरी अडचण उरलेल्या तेलाची. नट काढून कितीही वेळ थांबलं तरी कूलर, फिल्टरचं घर, वाहिन्या यांत जुनं तेल राहतं. आणि नव्या तेलाचा मसाला वेगळा असेल तर तो आधीच्या तेलाने जमवलेला थर धुऊन काढतो. ऑइल कूलरच्या तांब्याचं तर हे ठरलेलं सोंग. तेलाची जात बदलली की तांब्याचा आकडा उसळतो, एक-दोन बदल्यांनंतर आपोआप खाली येतो, झिजलेलं काहीच नसतं. त्यात एका फेरीत भार जास्त, एका फेरीत उमरग्याजवळ रस्त्याचं काम आणि तासभर न्यूट्रलला इंजिन चालू, एका फेरीत पाऊस. या गलक्यात दोन चांगल्या तेलांमधला बारीकसा फरक ऐकू कसा येणार?

हा फरक ऐकायचा तर एकसारख्या शंभर गाड्या हव्यात, निम्म्यांत एक तेल, निम्म्यांत दुसरं, रस्ता एक, आणि वर्ष-दोन वर्षं दम. ते सरकारी परिवहन महामंडळांना जमेल. दोन ट्रकच्या मालकाला आपल्या गाडीची तुलना आपल्याच गाडीशी करता येते, तीन-चार बदल्या सलग, तेल न बदलता. आकडा एकदा किती आला यापेक्षा तो चढतोय की स्थिर आहे ते बघायचं. रक्तातली साखर आपण अशीच बघतो, शेजाऱ्याच्या साखरेशी ताडून बघत नाही.

तेलाच्या निवडीला रिपोर्टचा उपयोग होतो तो जरा आडवळणाने. सलग रिपोर्टांत चिकटपणा १२.५ च्या खाली येत असेल आणि तेलात डिझेल नसेल, तर तेल दळलं जातंय, वरच्या दर्जाचं घ्या. काजळी वाढून चिकटपणा वर चढत असेल तर सीएफ-४ सोडून सीआय-४ प्लसकडे जा. सगळं स्थिर असेल तर कंपनी न बदलता बदलीचा पल्ला थोडा वाढवा आणि पुन्हा तपासा. पैसा वाचतो तो इथं. आणखी एक काम मला तर सगळ्यांत मोलाचं वाटतं. नव्या बादलीतलंही एक सँपल पाठवून द्यावं. ताज्या तेलात काय होतं ते माहीत नसेल तर वापरलेल्यात काय उरलं याला अर्थ नाही. शिवाय आपल्याकडे बादलीवरचं नाव आणि आतलं तेल यांची पत्रिका दर वेळी जुळतेच असं नाही. नकली तेलात जस्त-कॅल्शियमची कंजुषी लगेच उघडी पडते.

*

राहिली बीएस-६ ची गाडी. हिचा रिपोर्ट पहिल्यापासून इतका छान की मामा म्हणाले, हिला जुन्या गाडीचंच तेल टाकतो, स्वस्त पडेल, रिपोर्ट बिघडला तर बघू.

रिपोर्ट बिघडला नसता. हीच तर गोम.

बीएस-६ च्या धुराच्या नळीत एक जाळी असते, ड्रायव्हर तिला डीपीएफ म्हणतात. काजळी त्या जाळीत अडकते आणि ठरावीक वेळाने गाडी स्वतःच ती तापवून जाळून टाकते. काजळी जळते, पण राख जळत नाही. इंजिन थोडं तेल जाळतंच, आणि त्या तेलातल्या कॅल्शियम-जस्ताची राख जाळीत साचत जाते. म्हणून डिसेंबर २०१६ पासून आलेल्या सीके-४ तेलात राख एक टक्क्यावर आणि फॉस्फरस ०.१२ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. सीआय-४ प्लसला असं बंधन नाही. जुनं तेल नव्या गाडीत टाकलं तर बेअरिंग खूश, लायनर खूश, चेंबरमधल्या तेलाचा रिपोर्ट सुरेख, आणि तिकडे जाळी हळूहळू चोंदत असते. तेलाची तपासणी चेंबरमध्ये काय चाललंय ते सांगते, सायलेन्सरमधलं तिला दिसत नाही. तिथं गाडीच्या कंपनीने पुस्तकात लिहिलेलं तेलच टाकायचं. आणि ती जाळी बदलायची वेळ आली तर तेलात वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

उलट दिशेने मात्र वाट मोकळी होती. सीके-४ जुन्या गाडीला चालतं. मागच्या दर्जांची कामं ते करतंच, आणि डिझेलच आता दहा भाग गंधकाचं असल्याने त्याची अल्कली कमी पडायची भीती उरलेली नाही. म्हणजे मामांची एकाच बादलीची इच्छा पुरी होऊ शकत होती, फक्त महागड्या बादलीने. मामांनी कागदावर मांडून पाहिलं. जुनी गाडी वाटेत जेवढं तेल पिते तेवढं सीके-४ तिच्या धुरात घालायला त्यांचा जीव होईना. शेवटी दोन बादल्या ठरल्या, जुनीला सीआय-४ प्लस, नवीला सीके-४. चुकून एकीचं दुसरीत जाऊ नये म्हणून नवीच्या बादलीला मामींनी जुन्या साडीचा लाल काठ बांधला. वापरलेलं तेल आता उस्तादांकडच्या बॅरलमध्ये जातं आणि परवानाधारक रिफायनिंगवाला घेऊन जातो. पूर्वी ते सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागून न्यायचे, काही जण अजूनही मागतात.

झोपाळ्याच्या वरच्या फळीवर मामांची एक लांब वही आहे. डाव्या पानावर तारीख, गाडीचे किलोमीटर, तेलावरचे किलोमीटर, वरून टाकलेलं लिटर, आणि मग लॅबचे आकडे. उजव्या पानावर टीपकागदाचे चौकोन चिकटवलेले, प्रत्येकावर एक काळा थेंब. टीपकागद आता सहज मिळत नाही. मामांना तो कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे सापडला, कुणाच्या तरी जुन्या हिशेबाच्या वहीत पानापानाला घातलेला. त्या वहीचे पुस्तकवाल्याने वीस रुपये सांगितले, मामांनी घासाघीस करून पंधराला आणली. परवा गेले तेव्हा नवा लिफाफा आला होता. मामांनी तो माझ्या हातात न देता स्वतःच फोडला, चष्मा कपाळावर ढकलला, बोट ओळींवरून खाली नेत लोखंड ओलांडलं, तांबं ओलांडलं, सिलिकॉनवर थांबले आणि ऑटोनगरला फोन लावला.

"उस्ताद, वो पीछे की क्लिप फिर से देखो."